कंडाळी: माणसामागून आलेली भाजी

गढवालमधल्या जुन्या गावात कंडाळी शोधायला रानात जावं लागत नाही. गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगाजवळ, चुलीतली राख रोज जिथे पडते तिथे, सांडपाणी मुरतं त्या कोपऱ्यात ती कमरेएवढी माजलेली असते. कुमाऊंत तिला सिसूण म्हणतात, नेपाळात सिस्नू. मैदानातून आलेला माणूस 'बिच्छू घास' म्हणतो आणि चार पावलं लांब उभा राहतो. अर्टिका या वंशातल्या या वनस्पतींना नायट्रोजन आणि फॉस्फेट भरपूर असलेली माती आवडते, आणि अशी माती तयार करतात ती माणसं आणि त्यांची गुरं. फॉस्फेट जमिनीतून सहजी वाहून जात नाही. म्हणूनच इंग्लंडात कधीकाळी उठून गेलेल्या वस्त्यांच्या जागी शेकडो वर्षांनंतरही हिचीच दाटी दिसते आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक ती खूण म्हणून वाचतात. तिला रानभाजी म्हणायची पद्धत आहे, पण माझ्या मते ती गावाची भाजी आहे.

तिच्या डंखाचं कोडं जुनं आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया'त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या तिच्या केसांचं वर्णन आहे. ते टोचताना त्यातला रस कसा चढतो हे त्याने स्वतःच्या कातडीवर पाहिलं होतं. पानांवरचा आणि देठावरचा प्रत्येक केस ही एक पोकळ सुई असते. तिचं टोक सिलिकाचं, काचेसारखं ठिसूळ. हात लागला की टोक मोडतं, उरलेली तिरकी धार कातडीत शिरते आणि बुडाशी असलेल्या फुगीर पिशवीतला रस आत जातो. ही आग फॉर्मिक आम्लाची, असं शाळेच्या पुस्तकांतून शिकवलं जातं. १९४७ साली एमेलिन आणि फेल्डबर्ग या संशोधकांनी या रसात हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन असल्याचं दाखवलं. पुढे त्यात सेरोटोनिनही सापडलं. फॉर्मिक आम्ल असतं, पण एवढी आग होण्याइतकं नसतं.

पहाडात ही आग ठाऊक नसलेला माणूस विरळा. खोडकर पोरांना कंडाळीचा धाक घातला जाई, कधी ती पोटरीवर फिरेही. उताराही जवळच उगवतो. कुमाऊंत भिलमोडा नावाची आंबट पानांची वनस्पती चुरगाळून डंखावर चोळतात. ती रुमेक्स वंशातली, म्हणजे आपल्या आंबट चुक्याची बहीण. इंग्लंडातली खेड्यातली मुलंही याच वंशातल्या दुसऱ्या एका वनस्पतीची पानं चोळतात. दोन टोकांच्या लोकांनी एकाच वंशाकडे वळावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता स्वयंपाकघर. थंडी सरताना नवे कोंब फुटू लागतात, तेव्हा खरी तोडणी. एका हातात चुलीतला लोखंडी चिमटा, दुसऱ्यात विळा. शेंड्याकडची चार-सहा पानं चिमट्यात धरायची, विळ्याने कापायची आणि थेट टोपलीत टाकायची. फुलोरा आला की तोडणी थांबते, कारण जून पानांत चुनखडीचे कण साठतात आणि भाजी दाताखाली कचकचते. निवडतानाही हात लावायचा नाही. पाणी खळखळ उकळलं की पाला चिमट्यानेच त्यात दाबायचा. उष्णतेने केस लुळे पडतात, रसाचा जोर जातो आणि मघाशी ज्याला शिवता येत नव्हतं ते मूठभर पान काही मिनिटांत पालकापेक्षा मऊ होतं. पाला वाळवला किंवा बारीक वाटला तरी डंख जातो. चहासाठी सावलीत वाळवून ठेवतात तो हाच पाला.

उकडलेला पाला पाट्यावर वाटतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यात घालतात, त्याला आलण म्हणतात. लोखंडी कढईत मोहरीचं तेल धुरावलं की लसूण, सुक्या लाल मिरच्या आणि जखिया. जखिया म्हणजे आपल्या बांधावर तण म्हणून उपटली जाणारी पिवळी तिळवण. तिचे काळपट दाणे तेलात तडतडतात आणि भाजीत शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात. वरून वाटलेला पाला ओतून घट्टसर होईपर्यंत रटरटू द्यायचा. रंग गडद हिरवा, चव पालकाहून खोल, जराशी मातकट. सोबत झंगोऱ्याचा भात किंवा मंडुव्याची भाकरी. झंगोरा आपल्या भगरीच्या गोतातला आणि मंडुवा म्हणजे तर आपली नाचणीच. सह्याद्रीतल्या माणसाला हे ताट परकं वाटण्याचं कारण नाही.

गुणांबद्दल मात्र बाजारात अतिशयोक्ती फार चालते. उकडलेल्या १०० ग्रॅम पाल्यात सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास चौपट, आणि ही थोर गोष्ट आहे. लोह दीड मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे बेताचंच. तिच्यावर रक्तक्षयाचा उपाय म्हणून भिस्त ठेवू नये. 'के' जीवनसत्त्व भरपूर असल्यामुळे वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक कळकळीची सूचना. आपली खाजकुइली ही शेंगवर्गातली वेल आहे, कंडाळीशी तिचं नातं नाही. सह्याद्रीत मोठी खाजोटी आढळते, तीही वेगळ्या वंशातली. कंडाळीच्याच कुळात काही झाडं अशी आहेत की त्यांचा डंख कित्येक दिवस ठणकतो. नुसतं झोंबतं म्हणून कुठलाही पाला घरी आणून शिजवू नका. पिथौरागढच्या चौंदास खोऱ्यात बारा वर्षांनी साजरा होणारा कंगडाली उत्सवही या भाजीचा नाही. तिथली कंगडाली म्हणजे बारा वर्षांनी फुलणारी, आपल्या कारवीच्या वंशातली वनस्पती.

भाजीखेरीज धागाही आहे. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे कापूस मिळेना, तेव्हा जर्मनीने याच अर्टिका वंशातल्या नेटलच्या तंतूचं कापड केलं. नेपाळच्या संखुवासभा भागात अल्लो या थोराड भावंडाची साल राखेच्या पाण्यात उकळून, बडवून, मातीत घोळून सूत काततात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. उत्तराखंड सरकारच्या पलायन (म्हणजे स्थलांतर) आयोगाच्या २०१८च्या अहवालानुसार २०११नंतर ७३४ गावं निर्जन झाली. गुरं गेली, चुली विझल्या, तरी जमिनीतला कस लगेच जात नाही. दारं मोडलेल्या घरांच्या अंगणात आता कंडाळी उंबऱ्यापर्यंत येते. पाला मुबलक आहे, पण तो कधी खुडायचा, कुठवर खुडायचा, आलण किती घालायचं हे जाणणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांच्या सुना डेहराडून-दिल्लीत भाड्याच्या खोल्यांत राहतात. गरिबाचं खाणं म्हणून जिची लाज वाटली, तीच आता चहाच्या डब्यांतून आणि शहरी हॉटेलांच्या मेन्यूतून परतते आहे. मला त्याचा आनंद आहे. मात्र पैसा डबा भरणाऱ्याइतकाच चिमटा धरणाऱ्या हातापर्यंतही पोचला पाहिजे.

गढवाल-कुमाऊंत जाणारे मराठी भटके पुष्कळ आहेत. होमस्टेमध्ये मॅगी आणि पनीर मागण्याऐवजी आदल्या दिवशीच सांगून ठेवा: उद्या कंडाळी करा. आणायला, निवडायला वेळ लागतो, त्याचे पैसे वेगळे द्या. शक्य असेल तर चुलीपाशी बसून कृती विचारा आणि लिहून घ्या. थंडीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पाला कोवळा असतो. पावसाळ्यात गेलात तर मागू नका, तेव्हा तो जून झालेला असतो.