कामावर कधी जाता येईल?

ग्वाल्हेरच्या सर्जरी वॉर्डात पित्ताशयात खडे झालेले रुग्ण कधी संपत नाहीत. भिंड, मुरैना, डबरा, शिवपुरी, सगळीकडून येतात, आणि त्यात बायका जास्त. मी लष्कर भागातल्या मराठी घरातली. नर्सिंग इथेच शिकले आणि सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात, सर्जनच्या हाती अवजारं देण्यात गेली. शुद्धीवर आलेली बाई दुखण्याबद्दल नंतर विचारते. आधी विचारते, मोहरीच्या कापणीला कधी जाता येईल?

पित्ताशय काढायला पूर्वी बरगडीखाली वीतभर चीर घेत. स्नायू कापलेले असल्यामुळे नुसतं खोकलं तरी कळ मस्तकात जायची, आणि ओझं उचलणं कित्येक आठवडे बंद. आता कॅमेरा लावलेल्या दुर्बिणीसाठी बेंबीपाशी सेंटिमीटरभर छेद घेतात आणि अवजारांसाठी वरच्या पोटावर आणखी तीन छोटे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने, म्हणजे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आत अवजारं चालवायला जागा होते. हाच वायू घेतात, कारण तो पेट घेत नाही (आत विजेच्या हुकने काम करायचं असतं) आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो.

थिएटर थंड आणि पोट ऊबदार, त्यामुळे दुर्बीण आत गेली की काचेवर वाफ धरते आणि पडदा पांढरा होतो. म्हणून माझ्या ट्रॉलीवर गरम सलाइन कायम तयार असे. दुर्बीण बुडवायची, गॉजने पुसायची, परत द्यायची. मग पित्ताशयाच्या मुळाशी चरबी सोडवत जातात. पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि धमनी, स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, असा नियम अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडला. चांगला सर्जन इथे घाई करत नाही, दुर्बीण फिरवून मागची बाजूही पाहतो. मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर रोगी ते वर्षानुवर्षं भोगतो. छेद लहान म्हणून ऑपरेशन लहान, असं नातेवाइकांना वाटतं. ते मला कधीच पटलं नाही.

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन 1985 मध्ये जर्मनीत एरिच म्यूहे यांनी केलं. भारतात ते 1990 मध्ये डॉ. तेहेम्तोन उडवाडिया यांनी केलं, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. सत्तरच्या दशकापासून ते दुर्बिणीतून पोट तपासत होते. पोटाचा क्षय ओळखण्यासाठी पोट उघडावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. ही सुरुवात सरकारी रुग्णालयात झाली, याचं मला फार मोल वाटतं. पगारी माणूस रजा काढून महिनाभर पडून राहू शकतो. रोजंदारीवरच्या बाईला ते कसं जमणार? लहान छेदाची खरी गरज तिला आहे.

रोग्याला खरा उपयोग किती, हीच कसोटी मी ऑपरेशनच्या रोबोला लावते. रोबो स्वतः काही ठरवत नाही. सर्जन बाजूला बसून हात हलवतो आणि यंत्राचे हात तेच आत करतात. अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं, हाताची थरथर गाळली जाते, पडद्यावर चित्र त्रिमितीत दिसतं. ओटीपोटाच्या अरुंद जागेत टाका घालताना याचा उपयोग होतो, यात शंका नाही. केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकल कंपनीच्या व्हर्सियस रोबोची माणसांवरची पहिली चाचणी तर पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात झाली. पहिल्या 30 रुग्णांचा अहवाल डॉ. धनंजय केळकर आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केला.

पण यंत्र चालतं, हे कळणं वेगळं आणि रोग्याला त्याने जास्त गुण येतो, हे कळणं वेगळं. गुदाशयाच्या कर्करोगाच्या 471 रुग्णांवर झालेल्या 2017 च्या अभ्यासात दुर्बिणीचं ऑपरेशन अर्धवट सोडून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण 12.2 टक्के होतं आणि रोबोचं 8.1 टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात तो फरक सिद्ध झाला नाही. त्याहून मोठा धक्का 2018 चा. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात लहान छेदांनी, म्हणजे दुर्बिणीने किंवा रोबोने, गर्भाशय काढलेल्यांपैकी साडेचार वर्षांनी 86 टक्के बायका रोगमुक्त होत्या, तर पोट उघडून ऑपरेशन केलेल्यांपैकी 96.5 टक्के. त्या आजारात आता मोठी चीरच बरी मानतात. रोग्याचा जीव अशा मोजदादीने वाचतो, म्हणून या अभ्यासांना मी नव्या यंत्राइतकंच महत्त्व देते.

मला सर्वांत आशा वाटते ती एका साध्या अवजाराची. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाने भारतातल्या ग्रामीण सर्जनांबरोबर, डॉ. जे. ज्ञानराज त्यांतले एक, पोटाची भिंत बाहेरून वर उचलून धरणारी चौकट तयार केली आहे. वायू भरायला नको, त्यामुळे कण्यात इंजेक्शन देऊन पोटापासून खालचा भाग बधिर केला तरी बरीच ऑपरेशनं होतात. जिथे पूर्ण भूल देणारा डॉक्टर मिळत नाही आणि वायूचा सिलिंडर वेळेवर पोचत नाही, अशा ठिकाणांसाठीच ती बनवली आहे. भिंड आणि श्योपुरच्या सर्जनांना हे शिकवायला ग्वाल्हेरहून कोणी निघालं, तर त्यांच्या ट्रॉलीमागे उभी राहायला मी आजही तयार आहे.