चाकोरीतलं लव्हाळं



‘चाकोरी’ हा शब्द आपण नेहमी वापरतो. पण चाकोरी म्हणजे मुळात गाडीच्या चाकांनी वाटेत पडलेली खाच. आज ज्या रोपाची गोष्ट सांगणार आहे, ते अशा चाकोरीतच जगतं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. त्याच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेला लिझर्ड नावाचा भूभाग. तिथल्या माळरानावरच्या जुन्या गाडीवाटांत एक बुटकं लव्हाळं उगवतं. शास्त्रीय नाव जंकस पिग्मियस. युरोपात ते इतरही काही देशांत आहे, पण ब्रिटनमध्ये फक्त लिझर्डवर. उंची ८ सेंटीमीटरच्या आत, म्हणजे जेमतेम बोटभर.

तिकडे हिवाळ्यात जास्त पाऊस. चाकोऱ्यांत पाणी साचतं. वसंतात ते ओसरू लागलं की उघड्या चिखलात हे रोप वाढतं, फुलतं, बी टाकतं आणि उन्हाळ्यात वाळून जातं. एवढ्याशा रोपावर उंच गवताची सावली पडली, तर ते संपलंच. साचलेलं पाणी, गुरांचे खूर आणि गाडीची चाकं मिळून ते गवत माजू देत नव्हती.

पुढे गाड्यांची ये-जा थांबली, चराई कमी झाली. वाटा गवताझुडपांनी भरल्या आणि लव्हाळं मागे हटलं. म्हणून त्याला वाचवायचं तर नुसतं कुंपण घालून भागत नाही. गुरं चरायला सोडावी लागतात, बुजलेल्या वाटा पुन्हा मोकळ्या कराव्या लागतात.

हे ऐकून मला आपल्या कोकणातले सडे आठवतात. पावसाळ्यात जांभ्यावरच्या उथळ डबक्यांत, ओलाव्यात पांढरे गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. पाणी आटलं की सगळं गायब! मे महिन्यात पाहणारा म्हणतो, “हा तर पडीक कातळ.” मग तिथे भराव पडतो, नाही तर चिरेखाण सुरू होते. चाकाची खाच पुढच्या पावसात पुन्हा भरते. पण खाणीत कातळच गेला, तर त्यावरची चिमूटभर माती आणि तिच्यातलं बीही गेलं.

मैत्रिणींनो, गुरांमागे सड्यावर तुम्ही जाता. कोणतं डबकं कधी भरतं, कधी आटतं, त्यात काय फुलतं, हे तुम्हाला ठाऊक असतं. ग्रामसभेत ‘पडीक जागेचा’ विषय निघाला, तर उठा आणि श्रावणात तिथे काय असतं ते सांगा.