मोटार का जळते? तारेच्या रोधाविषयी थोडेसे



ऊस विकास खात्याने लागण, बेणे, खते यांविषयी लिहावे. विजेच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण मार्च ते मे गटागटांतून फिरताना वाळलेला खोडवा दिसला आणि आम्ही कारण विचारले, की पुष्कळदा एकच उत्तर येते, "साहेब, मोटार जळाली." वायंडिंग करून येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात आणि ऐन उन्हाळ्यातली पाण्याची पाळी चुकते.

एका सभासदांची ५ अश्वशक्तीची मोटार एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली. त्यांचा राग मोटार विकणाऱ्यावर. आम्ही वायरमनला घेऊन जागेवर गेलो, तर मीटरच्या पेटीपासून विहीर ३०० मीटर, आणि मध्ये अॅल्युमिनियमची अडीच चौरस मिलिमीटरची केबल! दोष तिथे होता.

तारेतून वीज वाहते म्हणजे धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन सरकतात. धातूचे अणू जागच्या जागी थरथरत असतात, त्यांना अडखळत इलेक्ट्रॉनांना पुढे जावे लागते. या अडथळ्याला रोध म्हणतात. त्याचे माप ओहम. जर्मनीच्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली याचा नियम मांडला, त्यांचेच हे नाव. आपल्याला पाइपलाइनवरून हे चटकन कळेल. पाइप लांब आणि बारीक, तर शेवटाला पाण्याचा जोर कमी. तारेचेही तसेच. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट. जाडी म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले की रोध निम्मा. शिवाय तार तापली की अणूंची थरथर वाढते आणि रोधही वाढतो. तांब्याचा रोध ५० अंश तापमान वाढले की सुमारे २० टक्क्यांनी वाढतो.

धातू कोणता हेही महत्त्वाचे. त्याच मापाच्या तारेत अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. म्हणून अॅल्युमिनियम वाईट असे नव्हे, खांबावरच्या तारा त्याच्याच असतात. फक्त ते जाड घ्यावे लागते.

आता त्या केबलीचा हिशेब. एका तारेचा रोध सुमारे ३.४ ओहम. मोटार साडेसात अँपिअर ओढते. म्हणजे दर तारेत २५ व्होल्ट आणि दोन फेजांमध्ये सुमारे ४० व्होल्ट वाटेतच संपले. पेटीत ४०० असतील तर मोटारीपाशी ३६०. सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट मागते, तेव्हा तूट आणखी वाढते. मोटार नुसती घुमते, उचलत नाही. चालू झालीच तर कमी व्होल्टेजवर तेच पाणी उपसायला जास्त करंट ओढते. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट सव्वापट झाला की उष्णता दीडपटीच्या वर. मग वॉर्निश जळणारच. शिवाय तासाला अर्ध्या युनिटहून जास्त वीज केबल तापवण्यातच जाते, ती वेगळी.

याच ठिकाणी १० चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल, किंवा तांब्याची ६ ची, घातली की तूट ४० वरून १० व्होल्टच्या आसपास येते. केबलीत वाचवलेले पैसे दोन वायंडिंगमध्ये गेले, असे ते सभासद नंतर स्वतःच म्हणाले.

जोडही तपासा. अॅल्युमिनियमवर हवेने जो पातळ थर चढतो तो वीज वाहू देत नाही. तारा पिळून वर प्लॅस्टिक गुंडाळलेला जोड तापतो, काळा पडतो. तांबे-अॅल्युमिनियमचा जोड तर ओलीत लवकर खराब होतो. तिथे त्यासाठीचा लग दाबून घ्यावा.

तारेत रोध नको, पण आपल्या अंगात तो हवा! कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ असतो. रात्री पाणी पाजताना ओल्या हाताने, अनवाणी स्टार्टरला हात लावला, तर अंगाचा रोध १००० ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर झाले. जिवाला धोका ३० च्या पुढेच सुरू होतो. म्हणून पेटीत ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा. अर्थिंगही हवेच, पण मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की मातीचा रोध वाढतो. तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता.

केबल बदलायची असेल त्यांनी पेटी ते विहीर अंतर टेपने मोजून, मोटारीच्या पाटीवरचे अँपिअर लिहून गट ऑफिसला द्यावेत. कोणती केबल घ्यावी हे आम्ही वायरमनकडून काढून देऊ. पावलांनी मोजलेले अंतर मात्र आणू नका.