अरवलीच्या पोटातली भट्टी
साध्या चुनखडीचा संगमरवर कसा झाला? चिखलाची पाटी कशी झाली? भारतातल्या अतिप्राचीन पर्वताने दगडांवर केलेल्या किमयेची ही कहाणी.

आग्ऱ्याला गेलेला पर्यटक ताजमहालाचा पांढराशुभ्र संगमरवर डोळे भरून पाहतो. त्याच आवारातल्या लाल दगडाच्या मशिदीकडे मात्र त्याचे फारसे लक्ष जात नाही. खरे तर या दोन दगडांच्या जन्मकथा शेजारी-शेजारी ठेवून ऐकण्याजोग्या आहेत!

लाल दगड हा विंध्य खडकांतला वालुकाश्म. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ पाण्यात वाळूचे थर साचले, घट्ट झाले आणि जवळजवळ तसेच राहिले. अशा काही दगडांवर त्या काळच्या पाण्याच्या लहरींचे ठसे आजही दिसतात. पांढऱ्या दगडाचे नशीब वेगळे. तो आला राजस्थानातल्या मकराण्याहून, तीनशेहून अधिक किलोमीटर अंतरावरून. ताजचे बांधकाम १६३२ साली सुरू झाले, पण या दगडाची घडण त्याआधी शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ झालेली होती. मुळात तो होता साधी चुनखडी. अरवली पर्वत उभा राहताना ती जमिनीच्या पोटात गाडली गेली, दाबली गेली, तापली आणि संगमरवर होऊन वर आली.

सतरंजीच्या वळ्या

सह्याद्रीचे घाट पाहिलेल्यांना कड्यांमधले आडवे थर ठाऊक असतील. ते लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचले आणि अजूनही बरेचसे आडवेच आहेत. अरवलीत चित्र अगदी निराळे. तिथे थर तिरपे दिसतात, उभे दिसतात, कुठे कुठे तर पुन्हा पुन्हा दुमडलेले दिसतात.

हे कसे घडले? भूपृष्ठाचे प्रचंड तुकडे वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपली नखे वाढतात त्या गतीने सरकत असतात. दोन तुकडे समोरासमोर आले की मधल्या समुद्रात साचलेला गाळ चेपला जातो. भिंतीला टेकलेली सतरंजी दुसऱ्या बाजूने ढकलली की तिला वळ्या पडतात, तसाच हा प्रकार. अरवलीच्या पट्ट्यात हे एकदाच घडले नाही. सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी एकदा आणि १०० कोटी वर्षांच्या आसपास पुन्हा, असा हा प्रदेश चेपला गेला. या साऱ्याच्या तळाशी असलेले मेवाडातले काही पट्टेदार खडक तर ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्या तुलनेत पाचेक कोटी वर्षांपूर्वी आकार घेऊ लागलेला हिमालय म्हणजे अगदी पोर!

पण दगड वाकतो कसा? तो तुटायला नको का? लाखेची कांडी आठवा. गार कांडीला झटका दिला तर ती कटकन मोडते. तीच थोडी ऊब देऊन हळूहळू वाकवली तर वाकते. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. पंधरा किलोमीटर खोलीवर ते चारशे अंशांच्या घरात जाते. वर डोंगराचा भार, खाली ही धग आणि हाताशी लाखो वर्षांची सवड. मग दगडही लाखेसारखा वाकतो.

न वितळता कायापालट

या भट्टीची खरी गंमत पुढेच आहे. इथे बहुतेक दगड वितळत नाहीत. घन अवस्थेतच त्यांचे कण नव्याने रचले जातात. चुनखडीतले बारीक कण वाढून एकमेकांत घट्ट गुंतले की संगमरवर होतो. त्याच्या स्फटिकांमध्ये प्रकाश थोडा आत शिरतो, म्हणूनच या दगडाला ती मऊ झळाळी येते.

वाळूच्या दगडाचा होतो क्वार्ट्झाइट. वालुकाश्म फुटतो तेव्हा भेग सहसा कणांच्या कडेकडेने जाते. क्वार्ट्झाइटमध्ये कण इतके एकजीव झालेले असतात की भेग थेट कण चिरत जाते. दिल्लीतला चौदाव्या शतकातला तुघलकाबादचा किल्ला याच चिवट दगडावर आणि याच दगडाने उभा आहे.

चिखलाचे रूपांतर तर पायरीपायरीने होते. आधी होतो पाटीचा दगड. ताटात पोहे टाकून वरून तळहाताने दाबले तर ते आडवे बसतात. तसेच दाबाखाली चिखलातले सूक्ष्म पापुद्रे एका दिशेने बसतात, म्हणून पाटीचे पातळ पत्रे निघतात. आजी-आजोबांनी ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली, ती कधीकाळी चिखल होती! धग आणखी वाढली की त्यातून चकाकणारे अभ्रक तयार होते आणि त्याहून वाढली की लालबुंद तामडा. या तामड्यातल्या घटकांचे प्रमाण तपासून तो किती तापमानाला आणि किती दाबाखाली घडला, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात.

ठेंगणेपण हीच वयाची खूण

मग इतक्या खोलवर घडलेले दगड उघड्यावर कसे आले? ऊन, पाऊस आणि नद्यांनी कोट्यवधी वर्षे वरचा डोंगर झिजवला आणि खालचे खडक वर येत गेले. आज अरवलीतले सर्वांत उंच टोक म्हणजे अबूजवळचे गुरुशिखर, १,७२२ मीटर. बाकी ठिकाणी बहुधा टेकड्याच. हिमालयाच्या पोटात खोलवर आज जे चालू आहे, तसे अरवलीत केव्हाच घडून गेले. त्याचा ठसा इथे चालता-चालता पाहता येतो.

दुर्दैवाने हे ठेंगणेपणच अरवलीच्या मुळावर आले आहे. राजस्थानात नमुन्यादाखल तपासलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्याचे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा न्यायमूर्तीही चकित झाले. २० नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने आसपासच्या जमिनीपासून किमान १०० मीटर उंच असलेल्या भूरूपालाच अरवलीची टेकडी मानणारी व्याख्या स्वीकारली. त्यावर मोठा विरोध झाला आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने स्वतःच हा आदेश स्थगित ठेवला.

उंचीची पट्टी इथे अपुरी पडते, ती याचमुळे. पन्नास मीटरच्या टेकडीतही तीच घडी, तोच क्वार्ट्झाइट असू शकतो. शिवाय दगड चेपताना आणि वर येताना पडलेल्या भेगा आजही कामाला येतात. पावसाचे पाणी त्यांतून जमिनीत मुरते आणि पायथ्याच्या गावांतल्या विहिरींना मिळते. टेकडी बुटकी आहे म्हणून तिच्या भेगा काही कमी पाणी पीत नाहीत.

सुरुंग लावून टेकडी सपाट करायला काही वर्षे पुरतात. मग खडी मिळते, फरशी मिळते. पण ती टेकडी पुन्हा घडवायची तर समुद्रात गाळ साचण्यापासून सुरुवात करावी लागेल.