धक्का जाणवला, पडझड दिसली नाही

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार-नेपाळ भूकंपाने कोलकात्यातल्या सेंट पॉल कॅथेड्रलचा मनोरा पाडला. बिहारमध्ये मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्या दिवसांतल्या अफवा टिपून ठेवल्या. जिथे जमीन हादरली पण नुकसान झाले नाही, तिथेही लोक सांगत होते : पाटण्यात चक्रीवादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार!

१९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. मानसशास्त्रज्ञ दुर्गानंद सिन्हांनी तिथल्या अफवा तपासल्या. इथे विध्वंस लोकांच्या डोळ्यांसमोर होता आणि पुढच्या संकटाची भाकिते आढळली नाहीत.

हा फरक अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी नेमका हेरला. धक्क्याने घाबरलेल्या माणसाला आजूबाजूला भीतीचे कारण दिसेना, तेव्हा अफवेने ते पुरवले. भीती आधीची, अफवा नंतरची. दार्जिलिंगकरांना वेगळे कारण शोधावे लागले नाही. फेस्टिंगर यांच्या १९५७ च्या बोधात्मक विसंवादाच्या (मनातल्या दोन गोष्टी जुळेनात, तेव्हा होणाऱ्या अस्वस्थतेच्या) सिद्धान्तामागे हे भारतीय निरीक्षण आहे, याचा आपल्याला अभिमान हवा.



भूकंपानंतर कोणी अफवा सांगू लागला, तर त्याला अडाणी म्हणण्याआधी त्याने काय सोसले आणि काय पाहिले, एवढे विचारा.