खेळ संपला, दार उघडेच!

१९९० मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा संगणक-विषाणू सापडला. फ्लॉपीच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या कप्प्यातच तो शिरे. खेळाची फ्लॉपी आत विसरून संगणक सुरू केला, की आधी तोच वाचला जाई. ५ जानेवारीला तो ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करायला लावी!

आता फ्लॉपी गेली, राउटर आला. बाहेरून न बोलावता आलेले संदेश तो अडवतो. मित्रांना खेळात घ्यायचे, तर कधी कधी त्याचे एखादे ‘पोर्ट’, म्हणजे क्रमांक दिलेले दार, उघडावे लागते.

नाशिकला आमच्या घरी सुटीतला खेळ संपला, पण दार महिनोन्‌महिने उघडेच होते. राउटरचा मूळ पासवर्डही आम्ही बदललेला नव्हता. तुमच्या घरी काय स्थिती आहे? विद्यार्थ्यांनाही आपापल्या घरी पाहायला सांगा.