शेंगा खा, पण निवडून!
कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळूरच्या बसवनगुडीत नंदीला नव्या शेंगा वाहतात. ‘कडलेकाई परिषे’ ही तिथली शेंगांची जत्रा. तुम्हीही हौसेने शेंगा आणा, पण दाणे निवडून घ्या. दमट जागी ठेवलेल्या शेंगांना बुरशी लागते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे कर्करोगकारक विष तयार होते. भाजूनही ते पूर्ण जात नाही. शांघायमधील पुरुषांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यकृताच्या कर्करोगाचा धोका नुसत्या अफ्लाटॉक्सिनमुळे सुमारे ३ पट, हिपॅटायटिस बी विषाणूमुळे ७ पट, तर दोन्ही एकत्र असताना जवळजवळ ६० पट आढळला. म्हणून काळपट, सुरकुतलेले दाणे टाकून द्या, कडू लागलेला दाणा थुंकून टाका. आणि घरात बाळ जन्मले, की २४ तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बीची लस टोचून घ्या.